अडखळणारी गाडी आणि फुकटातलं निदान

"गाडी मध्येच अडखळते हो" हा जगातल्या सर्वांत निरुपयोगी बग रिपोर्टांपैकी एक आहे. आमच्या धंद्यात त्याचा एक जुळा भाऊ आहे, "सिस्टीम स्लो आहे." कुठे स्लो? कधीपासून? कुणाला? काय केल्यावर? काही पत्ता नाही. फक्त तक्रार, आणि ती आजच्या आज सुटली पाहिजे ही अपेक्षा. गंमत म्हणजे सोमवार ते शुक्रवार असल्या वाक्यांवर दातओठ खाणारी आपली मंडळी शनिवारी गॅरेजात जाऊन नेमकं हेच वाक्य बोलतात. आणि मग बिल बघून पुन्हा दातओठ खातात.

आजचा विषय जुन्या स्पोर्ट्स कारचा एक चिवट आजार. आयडलला इंजिन मस्त गुणगुणतंय. हायवेवर ५००० आरपीएमच्या वरही बिनतक्रार पळतंय. पण मधल्या पट्ट्यात, समजा २५०० ते ३५०० आरपीएमला, ॲक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर विचारात पडते, एक झटका खाते, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पुढे निघते. गॅरेजच्या भाषेत "मिसिंग मारतेय" किंवा "पिकअपला झटका खातेय". स्पोर्ट्स कारमध्ये हे जास्त जाचतं, कारण अशी गाडी माणूस घेतो तीच मुळी या मधल्या पट्ट्यासाठी. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना जी मजा येते ती इथेच असते, आणि झटकाही नेमका इथेच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हा आजार बहुतेक वेळा शोधण्याइतपत सोपा असतो. पण आपण मेकॅनिकला शोधण्याचे पैसे देत नाही, बदलण्याचे देतो. म्हणून आपल्याला शोध मिळत नाही, बदललेले पार्ट मिळतात. दोष मेकॅनिकच्या नियतीत कमी आणि आपल्या हिशेबात जास्त आहे.

आता जरा तपशिलात.

मधलाच पट्टा का?

इंजिनाला तीन गोष्टी लागतात. हवा, पेट्रोल आणि वेळेवर पडणारी ठिणगी. तिन्हींपैकी काहीही बिघडलं तरी इंजिन अडखळतं, इतपत आपल्या सगळ्यांना माहीत असतं. पण "कुठल्या आरपीएमला अडखळतं" ही माहिती फुकट मिळणारा पुरावा आहे, आणि तो बहुतेक जण वाया घालवतात.

पेट्रोलचा फिल्टर तुंबला किंवा पंप अशक्त झाला, तर त्रास मागणी वाढेल तसा वाढतो. म्हणजे सगळ्यात वाईट अवस्था वरच्या आरपीएमला, फुल थ्रॉटलवर. तिथे गाडी सुसाट जात असेल तर पंपावरचा संशय बराच कमी होतो. सायलेन्सरच्या वाटेत काही तुंबलं असेल, तरी दम वरच कोंडतो. याउलट इन्टेकला कुठे होज तडकून बाहेरची हवा आत येत असेल, तर त्याचा उपद्रव आयडलला सर्वांत जास्त. कारण तेव्हा इंजिन मुळात थोडीच हवा घेतं आणि त्यात ही चोरवाटेची हवा मोठा हिस्सा ठरते. थ्रॉटल उघडत गेला की ती समुद्रात लोटा होऊन जाते. आयडल स्थिर असेल तर हाही आरोपी मागच्या बाकावर.

मग पुढच्या बाकावर कोण उरतं?

पहिली, ठिणगी. सिलिंडरमध्ये दाब जितका जास्त, तितकं प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. आणि सिलिंडर सर्वांत ठासून भरतो तो कमाल टॉर्कच्या आसपास, फुल थ्रॉटलवर. साध्या पेट्रोल इंजिनांत हा बिंदू बहुधा मधल्या पट्ट्यातच असतो. म्हणून थकलेली कॉइल किंवा तडा गेलेली प्लग वायर आयडलला आणि निवांत चालवताना निभावून नेते, आणि बरोबर मध्ये दगा देते. त्याच्या वर सिलिंडर पुन्हा थोडे कमी भरतात, आणि गाडी पूर्ववत! मालकाला वाटतं भूतबाधा झाली.

दुसरा, थ्रॉटल पोझिशन सेन्सर. जुन्या गाड्यांत हा म्हणजे एक कार्बनची पट्टी आणि तिच्यावर घासत फिरणारा एक काटा, रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा. आपण आयुष्यभर पेडल साधारण एकाच जागी धरून गाडी चालवतो, त्यामुळे पट्टी नेमकी त्याच जागी झिजते. काटा तिथे आला की सिग्नल क्षणभर गायब. जुन्या रेडिओचं बटण एका ठरावीक जागी खरखरायचं ना, तेच.

तिसरा, कार्ब्युरेटर, अर्थात गाडी तितकी जुनी असेल तर. आयडलची वाट संपून मुख्य जेटची वाट सुरू होते तिथे छोटी छोटी भोकं असतात. त्यात कचरा अडकला की दोन वाटांच्या मध्ये खड्डा पडतो. ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा फाटला तरी पेडल झटकन दाबल्यावर असाच खड्डा. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा पडदा फाटला तर ठिणगी पडते, पण उशिरा पडते.

आणि चौथी, जिची कोणी आठवणही काढत नाही ती, वायरिंग. ताण आला की इंजिन माउंटिंगवर एका बाजूला कलतं. बॉनेट उघडून कुणाला रेस द्यायला सांगा, दिसेल. त्या कलण्याने एखादी आतून तुटलेली वायर ओढली गेली, की लक्षण दिसणार फक्त ताणावर. उभ्या गाडीत तासभर शोधलं तरी सापडणार नाही.

आता हे चौघे वेगळे कसे करायचे? त्यासाठी पैसे लागत नाहीत, वीस मिनिटं लागतात. एकदा न्यूट्रलमध्ये हळूहळू ३५०० पर्यंत रेस द्या. एकदा दुसऱ्या गिअरमध्ये हलक्या पायाने तोच पट्टा पार करा. एकदा चौथ्या गिअरमध्ये २५०० ला चढावर पेडल पूर्ण दाबा. झटका फक्त तिसऱ्या वेळी आला, तर गोष्ट आरपीएमची नसून ताणाची आहे. ठिणगी किंवा ओढली जाणारी वायर बघा. आरपीएम कितीही असो, पेडल एका ठरावीक जागी आलं की झटका, तर सेन्सरची झिजलेली पट्टी. पेडल झटकन दाबलं तरच झटका आणि हळू दाबलं तर नाही, तर कार्ब्युरेटरवाल्यांनी पंपाचा पडदा तपासावा. बघा, तीन फेऱ्यांत आरोपी चारावरून एक-दोनवर आले. आपल्या भाषेत, आधी बग रिप्रोड्यूस करा, मग आयसोलेट करा.

"पण स्कॅनर लावला की कळतं ना?" हा प्रश्न हमखास येतो. नव्या गाडीत बरंच कळतं, सगळं नाही. जुन्या गाडीत बहुधा काहीच कळत नाही. अमेरिकेत सगळ्या गाड्यांना एकच प्रमाणित ओबीडी-२ पोर्ट १९९६ पासून सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ मध्ये, आणि आपल्याकडे ओबीडीचा पहिला टप्पा २०१० ला आणि दुसरा २०१३ ला आला. त्याआधीच्या गाडीला आजचा दोन हजाराचा ब्लूटूथ स्कॅनर लावणं म्हणजे चाळीतल्या मीटरबोर्डाला यूएसबी लावण्यासारखं आहे. शिवाय स्कॅनर सांगतो कुठला सिग्नल चुकला. का चुकला ते नाही. लॉग फाइल म्हणजे रूट कॉज नव्हे, हे आपल्याइतकं कुणाला माहीत?

गोव्याचं वादळ

आपल्याकडे जुनी स्पोर्ट्स कार म्हटलं की लोक एक तर बॉम्बेच्या व्हिंटेज रॅलीतल्या विलायती गाड्या आठवतात, नाहीतर फियाटची २००१ ची पालिओ १.६, जी खरं तर तापट डोक्याची हॅचबॅक होती. पण खरीखुरी दोन सीटची, कापडी छताची स्पोर्ट्स कार आपल्या शेजारी गोव्यात बनत होती. सॅन मोटर्सची 'स्टॉर्म'. १९९८ च्या सुमारास आली. बॉडी फायबरग्लासची. इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी, चार सिलिंडर, ६० अश्वशक्तीच्या आसपास. त्याच घराण्याचं इंजिन युरोपात ट्विंगो आणि क्लिओमध्ये होतं. आकडे बघून हसू नका, गाडी हलकी असली की ६० अश्वसुद्धा बरेच उधळतात. विकली अगदी थोडी गेली, रस्त्यावर आज दिसली तर नशीब समजायचं.

माझ्या एका म्हापशाच्या मित्राकडे एक आहे. तिला वर सांगितलेला आजार होता, अगदी पुस्तकात शोभेल असा. ताणावर २५०० ते ३५०० मध्ये झटका, बाकी सगळं आलबेल. पुण्यातल्या एका गॅरेजने (नाव मुद्दामच देत नाही, पुढे कळेल का) आधी प्लग बदलले. मग प्लग वायर. मग फिल्टर. मग पेट्रोलचा पंप. एकूण एकोणीस हजार. झटका होता तिथेच. पुढचा प्रस्ताव थ्रॉटल बॉडी बाहेरून मागवण्याचा होता.

फायबरग्लासच्या गाडीत एक खास भानगड असते. साध्या गाडीत बॅटरीची निगेटिव्ह बाजू पत्र्याच्या बॉडीला जोडलेली असते, आणि सगळी बॉडी परतीची वायर म्हणून काम करते. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. त्यामुळे प्रत्येक दिव्याला, सेन्सरला, ईसीयूला अर्थची वेगळी वायर चॅसी किंवा इंजिनापर्यंत न्यावी लागते. लोटस असो, कॉर्व्हेट असो की आपली स्टॉर्म, फायबरच्या जुन्या गाड्यांची निम्मी भुतं अर्थिंगच्या थिंबलात राहतात. त्यात गाडीने आयुष्य गोव्याच्या खाऱ्या हवेत काढलेलं असलं तर विचारायलाच नको.

पुसेगाव

गेल्या दिवाळीत आम्ही दोघं ती गाडी घेऊन माझ्या मावशीकडे पुसेगावला गेलो. सेवागिरी महाराजांचं पुसेगाव नव्हे हं, ते सातारा जिल्ह्यात. हे हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. आसपास सोयाबीन, तूर, हळद आणि रस्त्यावर ट्रॅक्टर. संत नामदेवांची नर्सी याच पट्ट्यात, तिथे जायचं हे निमित्त. अशा गावात लालभडक, छप्पर नसलेली, कमरेएवढी गाडी आल्यावर काय होतं ते सांगायला नको. पोरांनी प्रदक्षिणा घातली. मावशीने "एवढ्या पैशात याला छत बी दिलं नाही का?" असं विचारून मित्राला कायमचं गार केलं :-)

मावसभावाने गावातल्या मिस्त्रींना बोलावलं. (मराठवाड्यात मेकॅनिकला मिस्त्रीच म्हणतात.) मिस्त्री मुख्यतः ट्रॅक्टर, पाण्याच्या मोटारी आणि मोटरसायकलवाले. अशी गाडी त्यांनी जन्मात पाहिलेली नव्हती, आणि हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. मग विचारलं, "उभ्या गाडीत झटका खायलंय का चालत्या गाडीत?" मित्र म्हणाला, "चालत्या." "उताराला का चढाला?" "चढाला." "मंग ताणाचं काम हाय हे, भाऊ. ट्रॅक्टरचं बी असंच ऱ्हातंय. रिकामा पळतो, ट्रॉली लावली की बोंब."

दोन प्रश्न. त्या गॅरेजमध्ये यातला एकही विचारला गेला नव्हता.

पुढे त्यांनी काय केलं ते क्रमाने सांगतो, कारण क्रम महत्त्वाचा आहे. उभ्या गाडीत रेस देऊन बघितली, झटका नाही. मग मावसभावाला आत बसवलं, हँडब्रेक ओढून आणि ब्रेक दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच जेमतेम धरायला लावला. इंजिन कललं आणि अडखळलं. म्हणजे उभ्या गाडीत रिप्रोड्यूस झालं. मग ताण काढून, इंजिन नुसतं चालू ठेवून, लाकडी दांड्याने आणि हाताने वायरिंगचा एकेक जुडगा हलवत गेले. गिअरबॉक्सकडे जाणारा एक जुडगा ओढला आणि इंजिनाने ताण नसताना झटका खाल्ला. त्या जुडग्यातल्या काळ्या वायरला त्यांनी टाचणी टोचली, साधं मल्टिमीटर लावून दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला धरलं. ईसीयूच्या अर्थवर इथे जवळपास शून्य दिसायला हवं, फार तर व्होल्टचा दहावा हिस्सा. वायर ओढली की काटा एका व्होल्टच्या वर उडी मारत होता.

इथे कोणीही वायर कापून मोकळा झाला असता. मिस्त्रींनी आधी त्या टाचणीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक तात्पुरती वायर जोडली आणि मावसभावाला पुन्हा क्लच धरायला लावला. झटका गायब. वायर काढली, झटका हजर. पुन्हा जोडली, गायब. मग म्हणाले, "आता कापा." आत तांब्याच्या तारा हिरव्या पडून बहुतेक तुटलेल्या होत्या, वरचं आवरण शाबूत. स्टार्टरची जाड अर्थ वेगळी असल्यामुळे स्टार्ट व्हायला कधी अडचण नव्हती, म्हणूनच कुणाला शंका आली नव्हती. नवी वायर, नवं थिंबल, इंजिन कललं तरी ओढ बसू नये म्हणून थोडी ढिली सोडलेली. दीड तास. सामान चाळीस रुपयांचं.

"किती झाले, मामा?"

"द्या शंभर-दीडशे."

यातून काय शिकायचं नाही

ही गोष्ट पुण्यात ऑफिसमध्ये सांगितली की लोक लगेच एक ठरावीक निष्कर्ष काढतात. गावाकडचा मिस्त्री देवमाणूस, शहरातलं गॅरेज लुटारू. मला हे पटत नाही. पुण्याच्या त्या गॅरेजचं नाव मी म्हणूनच दिलं नाही. त्यांनी बदललेले प्लग खरे होते, पंप खरा होता, आणि त्यांच्याकडचा पोरगाही मूर्ख नव्हता. ठिणगीपासून सुरुवात करणं तर योग्यच होतं. पण त्यांच्या धंद्याचं गणित बघा. पंप बदलला तर पार्टवर मार्जिन, वर ठरलेली मजुरी. दीड तास टाचण्या टोचत बसले तर? बिलावर कुठल्या ओळीत लिहायचं? "वायर हलवून पाहिली – नऊशे रुपये"? आपण देऊ? खरं सांगा.

आणि मिस्त्रींचे दीडशे रुपये तरी कुठे अभिमानाची गोष्ट आहे? मित्राने त्यांना हजार रुपये दिले, त्यांनी फार आढेवेढे घेऊन घेतले. पण ते बक्षीस झालं, दर नाही. गावातल्या गिऱ्हाइकांकडून त्यांना चाळीस रुपयांची वायर आणि हातावर शंभराची नोटच मिळते. दीड तासाच्या विचारांचं मोल शून्य. त्यांचा पुतण्या हिंगोलीला आयटीआयत आहे, मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स. त्याला शोरूममध्ये लागायचंय. "तिथं टॅबवर येतंय काय बदलायचं ते, बदलायचं. शोधायला कोण पैसे देतंय?" हे मिस्त्रींचंच वाक्य, आणि बोलताना त्यांच्या आवाजात तक्रारही नव्हती. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

आता आपल्याकडे बघा. प्रॉडक्शनमध्ये बग आला, दोन दिवस तिघं जण लॉग चाळत बसले, शेवटी एका ओळीत एक अटीचं चिन्ह उलटं निघालं. त्या एका ओळीचे पैसे देऊन कुणी आपल्याला वाटेला लावतं का? पगार त्या दोन दिवसांचा मिळतो. आपण ज्याला कौशल्य म्हणतो ते सगळं त्या दोन दिवसांत असतं, ओळ टाइप करणं तर पोरखेळ. उद्या मॅनेजरने नियम काढला की पैसे फक्त बदललेल्या ओळींचे मिळणार, तर पहिल्याच आठवड्यात आपण सगळं मॉड्यूल नव्याने लिहू. बग तसाच राहील, बिल मात्र मोठं होईल. गॅरेजवर आपण हाच नियम लावलाय, आणि वर त्यांना चोर म्हणतोय.

डॉक्टरांचं उदाहरण घ्या. "काही नाही, विश्रांती घ्या" एवढं ऐकण्यासाठी आपण फी देतो, निमूट देतो. वकिलाला नुसत्या सल्ल्याची फी असते. मेकॅनिकने मात्र "बघून सांगतो" फुकटात करायचं. कारण त्याचे हात काळे आहेत, दुसरं काही कारण मला तरी सापडत नाही.

दुसरी बाजू

आता विरोधी मुद्दे. पार्ट बदलून बघणं प्रत्येक वेळी चूक असतं असं मुळीच नाही. प्लग स्वस्त असतात, पाच मिनिटांत बदलतात, आणि एरवीही बदलायला झालेले असतात. तिथे तासभर तपास करणं हाच मूर्खपणा. दुसऱ्या चालू गाडीची कॉइल काढून लावून बघणं ही तर निदानाची नामी पद्धत आहे, अट एवढीच की फरक पडला नाही तर ती परत काढायची आणि बिलात लावायची नाही. फरक आहे तो प्रयोग आणि जुगार यांच्यात. प्रयोगाआधी माणूस सांगतो, "हे बदललं आणि झटका गेला तर हे कारण, नाही गेला तर हे कारण नाही." जुगारात नुसतं "बघू" असतं, पैसे आपले.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. निदानाची वेगळी फी दिली आणि तरीही चुकीचं निदान मिळालं तर? शक्य आहे. डॉक्टरही चुकतात. पण तासाचे पाचशे-सातशे मोजून दोन तास तपास करून घेतला आणि तो फसला, तरी आपण हजार-दीड हजारात सुटलो, आणि काय नक्की नाही याची यादी हातात आली. न लागलेल्या पंपातून अशी यादीसुद्धा मिळत नाही.

आणि हा प्रश्न फक्त हौशी मंडळींचा नाही. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी २०२२ मध्ये ६०० वरून ५००० रुपये झाली, २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती १०,००० वर गेली. जुनी गाडी ठेवणं आधीच महाग. त्यात चाळीस रुपयांच्या वायरीसाठी एकोणीस हजार गेले, की माणूस वैतागून गाडी भंगारात देतो. कितीतरी धडधाकट गाड्या अशा चुकीच्या निदानाने मरत असणार. स्टॉर्मसारख्या मोजक्याच बनलेल्या गाडीच्या बाबतीत ते कायमचंच नुकसान.

मग करायचं काय?

उपदेश नको असेल तर इथेच थांबा. बाकीच्यांसाठी चार गोष्टी.

एक, गॅरेजला जाताना लक्षणं लिहून न्या. गार इंजिन की गरम, कुठल्या गिअरला, किती आरपीएमला, चढ की सपाट, पेडल झटकन की हळू, पाऊस पडला की वाढतं का. आपण टेस्टरकडून जेवढं मागतो तेवढंच.

दोन, चावी देतानाच सांगा, "आधी दोन तास शोधा, त्याचे वेगळे पैसे देतो, सापडो न सापडो. मला विचारल्याशिवाय काही बदलू नका." पहिल्यांदा समोरचा तुमच्याकडे संशयाने बघेल. बघू दे.

तीन, कुठलाही पार्ट बदलण्याआधी एकच प्रश्न, "कशावरून?" भांडणाच्या सुरात नको, कुतूहलाने. ज्याने तपासलंय तो खुशीने सांगतो, बहुधा जरा जास्तच सांगतो. ज्याने तपासलेलं नाही त्याला तपासायला एक निमित्त मिळतं.

चार, "संध्याकाळपर्यंत हवीच" म्हणू नका. घाईत असलेल्या माणसाकडे पार्ट बदलण्याशिवाय पर्यायच नसतो. शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय करायला लावणाऱ्या मॅनेजरबद्दल आपण काय बोलतो ते आठवा.

निदानाला दर मिळाला तर निदान करणारी माणसं तयार होतील. मिस्त्रींच्या पुतण्याने टॅबवर येईल ते बदलायचं, की काकांसारखं टाचणी घेऊन बसायचं, हे शेवटी आयटीआयचा अभ्यासक्रम ठरवणार नाही. दीड तासाच्या विचाराचं आपण काय मोजतो त्यावर ते ठरेल.

असो. बरंच लांबलं.

ता. क. – फायबरग्लासची कुठलीही जुनी गाडी घेणार असाल तर आधी अर्थचे सगळे पॉइंट उघडून, पॉलिश पेपरने घासून, नवीन थिंबल लावून घ्या. एका रविवारचं काम आहे. चहा जास्त लागतो, पैसे फारसे नाही.